टीव्हीच मॉनिटर म्हणून जोडला, पण अक्षरं स्वच्छ दिसत नाहीत. काय करावं?

अक्षरओळ

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंकांची गर्दी सुरू झाली की दिवसभर पडद्यावरच नजर. लॅपटॉपचा पंधरा इंची पडदा आता डोळ्यांना झेपत नाही, म्हणून घरातला ४३ इंची फोर-के टीव्ही एचडीएमआय केबलने जोडला. आकार मस्त आहे, दोन पानं शेजारी शेजारी उघडता येतात. सिनेमा लावला तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण वर्डची फाइल उघडली की वैताग.

टास्कबारची अर्धी पट्टी खाली गायब. राखाडी मेनूतल्या अक्षरांभोवती पांढरी कड. माऊस हलवला की बाण मागून रेंगाळत येतो. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे, काळा मजकूर एकवेळ वाचता येतो, पण ट्रॅक चेंजेसमधल्या लाल दुरुस्त्या फिसकटतात. रफार कुठल्या अक्षरावर आहे तेच कळत नाही, अनुस्वार तर गुलाबी डागासारखा दिसतो.

दुकानदार म्हणतो सोन्याचा मुलामा असलेली महागडी केबल घ्या. घरचे म्हणतात मॉनिटर घे. जाणकारांनी सांगावं.

थेटबोल

मॉनिटर घ्या. टीव्ही बघायला असतो, वाचायला नाही. विषय संपला.

सह्यकडा

@थेटबोल, विषय संपला कसा? जरा हिशेब करा. ४३ इंची फोर-के म्हणजे इंचाला साधारण १०२ पिक्सेल. कचेरीत सगळीकडे असतो तो २४ इंची फुल एचडी मॉनिटर इंचाला ९२ चा. म्हणजे ताईंच्या टीव्हीचं पॅनेल नेहमीच्या मॉनिटरपेक्षा बारीकच आहे. दोष पॅनेलचा नाही, टीव्ही त्या चित्राचं मधल्यामध्ये जे करतो त्याचा आहे.

टीव्ही बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की येणारं चित्र केबलवाल्याकडून किंवा सिनेमातून येतंय, तेव्हा ते ताणा, कडा ठसठशीत करा, हालचाल गुळगुळीत करा, रंग खुलवा. संगणकाला नेमकं उलटं हवं. जो पिक्सेल पाठवला तोच, त्याच जागी, त्याच रंगात दिसला पाहिजे. त्यामुळे एक रुपयाही खर्च करण्याआधी टीव्हीची ही सगळी कलाकुसर बंद करायची. तेवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं, हे मी ठामपणे सांगतो.

ताई, टीव्ही कुठल्या कंपनीचा ते सांगा. आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि 'कलर फॉरमॅट' काय लिहिलंय ते इथे टाका. कलर फॉरमॅट विसरू नका.

तांब्याची_तार

टास्कबार कापला जाण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हींत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवत. आता काच गेली, पण सवय राहिली. चित्र तीन-चार टक्के ताणलं की संगणकाचा एकही पिक्सेल पॅनेलच्या पिक्सेलवर नेमका बसत नाही, त्यामुळे नुसता टास्कबार जात नाही, पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मऊ पडतं. म्हणून हे सगळ्यात आधी.

सोय प्रत्येकाकडे आहे, नावं वेगळी. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन' किंवा जुन्यांत 'स्क्रीन फिट', सोनीत डिस्प्ले एरिया 'फुल पिक्सेल', शार्पमध्ये 'डॉट बाय डॉट'. पॅनासॉनिकमध्ये सरळ ओव्हरस्कॅन ऑफ. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोच्या आसपास शोधा. विंडोजमधून चित्र लहान करून टास्कबार आत आणण्याच्या भानगडीत पडू नका. टास्कबार दिसेल, पण चित्र दोनदा ताणलं-आवळलं जाईल.

गच्चीवरून

याच्या उलटही होतं. माझ्याकडे चित्राभोवती चारी बाजूंनी काळी पट्टी यायची. टीव्ही निर्दोष होता. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे, त्याचा जुना ड्रायव्हर एचडीएमआयवर टीव्ही दिसला की आपणहून चित्र आक्रसून पाठवायचा. रेडिऑनच्या सेटिंगमध्ये 'एचडीएमआय स्केलिंग' शून्यावर आणल्यावर चित्र कडेपर्यंत आलं आणि अक्षरंही धारदार झाली.

अक्षरओळ

बापरे, इतक्या लवकर इतके प्रतिसाद! टीव्ही सोनीचा आहे. फुल पिक्सेल केलं, टास्कबार पूर्ण दिसतोय आणि काळी अक्षरंही बरीच सुधारली. @सह्यकडा, तिथे ३८४० x २१६०, ६० हर्ट्झ लिहिलंय, आणि कलर फॉरमॅट 'वायसीबीसीआर४२०'. हे काय प्रकरण आहे?

सह्यकडा

सापडलं! लाल अक्षरांचं दुखणं हेच.

आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक दिसतो, रंगातला फरक तेवढा बारीक दिसत नाही. व्हिडिओवाल्यांनी याचा फायदा घेतला. ४:२:० म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच. डीटीएच, ओटीटी, ब्लू-रे सगळं ४:२:० मध्येच येतं, म्हणून सिनेमा झकास दिसतो. पण अक्षराची रेघ एक-दोन पिक्सेलांची असते. काळ्या-पांढऱ्यात फक्त उजेडाचा फरक, तो पूर्ण पोचतो. लाल रेघेचा रंग मात्र शेजारच्या पांढऱ्या पिक्सेलांत मिसळतो. म्हणून काळा मजकूर वाचता येतो आणि लाल अनुस्वार गुलाबी डाग होतो. आपल्याला ४:४:४ किंवा आरजीबी हवं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग.

आता हे ४:२:० का आलं? टीव्हीचं ते पोर्ट कमी वेगावर चालतंय म्हणून. सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' नावाची सेटिंग आहे, तिथे त्या पोर्टसाठी 'एन्हान्स्ड' निवडा. एलजीत हेच 'डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस'. काही टीव्हींत सगळी पोर्टं सारखी नसतात, एका पोर्टला हा पर्याय दिसला नाही तर दुसरं बघा. मग विंडोजमध्ये पुन्हा तपासा, 'आरजीबी' यायला हवं.

एवढ्यावर थांबू नका. केबलमधून आरजीबी आलं तरी टीव्ही आत गेल्यावर स्वतःच्या सोयीसाठी रंग पुन्हा पातळ करू शकतो. सोनीत पिक्चर मोड 'ग्राफिक्स' किंवा 'गेम' ठेवला तरच पूर्ण रंग राहतो. एलजी आणि सॅमसंगमध्ये इनपुटच्या यादीत त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करायचं. नाव बदलल्याने चित्र कसं बदलेल असं वाटतं, पण खरंच बदलतं, कारण त्या नावावरूनच टीव्ही ठरवतो की सिनेमाची प्रक्रिया लावायची की नाही. बाण रेंगाळतो तेही यातच थांबेल. चित्र गुळगुळीत करायला टीव्ही काही फ्रेम्स अडवून धरतो, तो उशीर तुम्हाला माऊसमध्ये दिसतोय.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग १००% ठेवून पेंटमध्ये काळा कागद घ्या आणि त्यावर एक पिक्सेल रुंदीच्या लाल आणि निळ्या रेषा एकाआड एक ओढा. रेषा सुट्या दिसल्या तर ४:४:४. जांभळट गिचका दिसला तर अजून कुठेतरी रंग कापला जातोय.

निळी_शाई

वाचनखूण साठवली. लाल-निळ्या रेषांची चाचणी आत्ता करून पाहिली, आमच्याकडे जांभळट गिचका! इतकी वर्षं चष्म्याला दोष देत होतो.

जुना_जाणता

सह्यकडा, फार छान समजावलंत. थोडं विषयांतर करतो. घरच्या टीव्हीला संगणक जोडण्याची सुरुवातच मुळी अशी झाली. १९८२ साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या भोकातच खोचायचा आणि चॅनेल लावतात तसं त्याचं चित्र शोधायचं. त्याचा पडदा २५६ x १९२ ठिपक्यांचा, पण रंग ठिपक्यागणिक नाहीत. ८ x ८ ठिपक्यांच्या घराला मिळून दोनच रंग, एकाचं नाव शाई, दुसऱ्याचं कागद. स्मरणशक्ती तोकडी होती, म्हणून आकार बारीक ठेवला आणि रंगात काटकसर केली. दोन रंगीत आकृत्या एकाच घरात आल्या की एकीचा रंग दुसरीला लागायचा. तुमच्या ४:२:० चं हे थोरलं भावंड.

आणि त्या पडद्याभोवती रुंद किनार असायची. पुष्कळांना ती वाया घालवलेली जागा वाटे. पण टीव्ही कडा कापणार हे धरूनच कामाचा भाग मध्ये ठेवलेला होता.

आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांतून संगणक शिकवायचा क्लास प्रकल्प आला, त्यात बीबीसी मायक्रो नावाचे संगणक होते. त्याच्या एका मोडमध्ये ओळीत जेमतेम ४० अक्षरं. अक्षरं टपोरी ठेवण्यामागे टीव्हीचा पडदाच होता, ८० अक्षरांची ओळ साध्या रंगीत टीव्हीवर वाचताना डोळ्यांना पाणी यायचं.

तांब्याची_तार

काका, दंडवत. शाई आणि कागद ही नावं किती समर्पक!

थेटबोल

मान्य, बरंच काही करता येतं. पण केबलचं कोणी बोललंच नाही. स्वस्त केबलने चित्र फिकट येतं हा माझा अनुभव आहे. दुकानदार अगदीच चूक नाही.

सह्यकडा

इथे मात्र कडकडून विरोध. एचडीएमआय डिजिटल आहे. केबल कमी पडली तर चित्रात चमकत्या ठिपक्यांचा पाऊस पडतो, पडदा मध्येच काळा होतो किंवा चित्र येतच नाही. रंग फिकट होणं, अक्षर मऊ होणं हे केबल करूच शकत नाही. सोन्याच्या मुलाम्याने टोकाला गंज चढत नाही, त्यापलीकडे चित्राला काही फायदा नाही.

वेग मात्र बघायचा. ३८४० x २१६० चित्र सेकंदाला ६० वेळा, पिक्सेलला २४ बिट, आणि ओळींमधली मोकळी वेळ धरली तर सेकंदाला सुमारे १४.३ गिगाबिट. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट, त्यातले प्रत्यक्ष चित्राला मिळतात १४.४. म्हणजे जेमतेम बसतं. जुन्या १.४ ची मर्यादा १०.२, तिथे पूर्ण रंगात फोर-के फक्त ३० हर्ट्झला मिळतं आणि माऊस अडखळतो. म्हणून 'प्रीमियम हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली साधी दोन मीटरची केबल घ्यावी. ती काही चैनीची वस्तू नाही, लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते.

याच हिशेबातून आणखी एक. अक्षरांच्या कामाला विंडोजमधलं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा दहा बिटांचा मोड, बंद ठेवा. दहा बिट रंग आणि पूर्ण ४:४:४ ही जोडी ६० हर्ट्झला २.० मध्ये मावत नाही, मग ड्रायव्हर गुपचूप रंगाची माहिती कापायला लागतो.

आणि फिकट चित्राचं कारण वेगळं असतं. @थेटबोल, तुमच्याकडे काळा रंग राखाडी दिसायचा का?

थेटबोल

हो, अगदी तसाच. धुरकट.

गच्चीवरून

मग तो फुल आणि लिमिटेडचा घोळ. संगणकाच्या जगात काळा म्हणजे ० आणि पांढरा २५५. व्हिडिओच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५. संगणकाने १६-२३५ पाठवलं आणि टीव्हीने ते ०-२५५ समजून दाखवलं तर सगळं धुरकट. उलटं झालं तर काळ्या कोटाच्या घड्याच दिसत नाहीत, सगळा एक काळा गोळा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज', इंटेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज' अशा नावाने मिळेल. टीव्हीकडे हेच 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'एचडीएमआय रेंज'. दोन्हीकडे फुल ठेवा. टीव्हीला फुल जमत नसेल तर दोन्हीकडे लिमिटेड. दोघांचं एकमत महत्त्वाचं, कुठल्या बाजूने ते नाही.

अंगणवेल

सगळं ४३ इंची फोर-केवाल्यांचं चाललंय. आमच्यासारख्या ३२ इंची एचडी रेडीवाल्यांनी काय करायचं? खोक्यावर १०८० लिहिलंय पण अक्षरं चिकटलेली दिसतात.

तांब्याची_तार

@अंगणवेल, स्पष्ट सांगतो, इथे थेटबोल यांच्या पहिल्या प्रतिसादाला अनुमोदन. एचडी रेडी म्हणजे पॅनेल १३६६ x ७६८ चं. ३२ इंचात ते इंचाला ४९ पिक्सेल पडतं, २४ इंची मॉनिटरच्या जवळपास निम्मं. टीव्ही १०८० चं चित्र *स्वीकारतो*, पण आवळून ७६८ ओळींत कोंबतो. त्यात जोडाक्षरांचं भरीत होतं.

त्यातल्या त्यात सुधारायचं तर विंडोजमध्ये १३६० x ७६८ किंवा १३६६ x ७६८ मिळतं का बघा. अनेक टीव्ही एचडीएमआयवर फक्त ७२० आणि १०८० चीच ओळख देतात, पण मागे जुनं व्हीजीएचं पोर्ट असेल तर त्यावर १३६० x ७६८ मिळतं. अशा टीव्हीवर व्हीजीएने अक्षरं जास्त स्वच्छ दिसलेली मी पाहिली आहेत. नाहीतर लांबून बघायच्या कामाला ठेवा. वाचनाचं काम रोज असेल तर २४ इंची मॉनिटर घ्या.

निळी_शाई

विंडोजमध्ये 'ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट' म्हणून सोय आहे. क्लिअरटाइप म्हणजे अक्षरांच्या कडांना रंगीत छटा देऊन ती धारदार दाखवायची विंडोजची पद्धत. त्यातले नमुने बघून निवडले की देवनागरी बरीच सुधारते. काही टीव्ही पॅनेलमध्ये पिक्सेलच्या आत लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा, निळा-हिरवा-लाल असतो. मग क्लिअरटाइप चुकीच्या बाजूला रंग लावतं आणि अक्षरांना रंगीत झालर येते. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन पांढऱ्या भागाचा फोटो काढला की क्रम दिसतो.

सह्यकडा

बरोबर, पण एक दुरुस्ती. अक्षरओळ ताईंचं काम वर्डमध्ये आहे, आणि वर्ड २०१३ पासून क्लिअरटाइप वापरत नाही, करड्या छटांनीच कडा गुळगुळीत करतं. त्यामुळे मेनू, फाइलींची नावं यांत फरक पडेल, वर्डच्या मजकुरात नाही. तिथे फॉन्टचा फरक जास्त. मंगल लहान आकारात कोंदट दिसतो, निर्मला यूआय त्या मानाने मोकळा आहे. शोधनापुरता फॉन्ट बदलायला संपादकांची हरकत नसावी.

परसातला_चाफा

माझा ओलेडचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशा टीव्हीचा अनुभव. चित्र अप्रतिम, काळा म्हणजे काळाकुट्ट. पण मजकुराच्या कामाला मी तो सुचवणार नाही. पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडलं की टीव्ही आपोआप उजेड कमी करतो. शिवाय टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट पॅनेलवर कायमचा ठसा सोडू शकते. टास्कबार लपवा, डार्क मोड ठेवा, हे सगळं करता येतं, पण मुद्रितशोधनात पान पांढरंच लागतं.

वैद्यकाकू

चित्राचं झालं, आता मानेचं बघा. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो, तसाच ठेवून काम करू नका. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. ४३ इंचीसाठी हातभर अंतर कमी पडतं, कोपऱ्यातली अक्षरं बघायला मान फिरवावी लागते. टेबल भिंतीपासून पुढे ओढून तीन फूट तरी सोडा. आणि बॅकलाइट! दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही भगभगीत उजेडावर लावलेला असतो. शेजारी पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचं पान त्याच्याइतकंच उजळ होईल तोवर बॅकलाइट उतरवा. ब्राइटनेस नावाची सेटिंग बऱ्याच टीव्हींत काळ्या रंगाची पातळी बदलते, उजेडाची नाही, तिथे तिला हात लावू नका.

थेटबोल

@वैद्यकाकू, कागदाची युक्ती फार आवडली. +१

अक्षरओळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एन्हान्स्ड केल्यावर विंडोजमध्ये आरजीबी आलं, तरी लाल अक्षरं थोडी फुटतच होती. मग पिक्चर मोड ग्राफिक्स केला आणि रेषा सुट्या झाल्या! सह्यकडा म्हणाले तसंच, रंग दोन ठिकाणी कापला जात होता. 'र्‍या' आणि 'र्या' लाल रंगातही आता नीट ओळखू येतात. बाणही हाताबरोबर फिरतो. केबल जुनीच आहे.

अजून एकच राहिलंय. राखाडी मेनूतल्या अक्षरांभोवतीची पांढरी कड कमी झाली पण गेली नाही. शार्पनेस शून्य केला तर सगळंच मऊ पडतं.

गच्चीवरून

ताई, सोनीत शार्पनेसचा मध्यबिंदू ५० आहे. त्याच्या वर कडा कोरल्या जातात, खाली अक्षरं पुसट होतात. ५० वर ठेवा. सॅमसंगमध्ये मात्र पीसी मोडला शून्यच योग्य. दुसऱ्या टीव्हीवर रेषांचं तेच पेंटचं चित्र समोर ठेवून शार्पनेस वर-खाली करा, रेषेच्या बाजूला दुसरी भुताटकी रेष जिथे नाहीशी होते तो आकडा तुमचा. तुमच्या सोनीत 'रिॲलिटी क्रिएशन' ही बारकावे कोरणारी सोय चालू असेल तर तीही बंद.

अक्षरओळ

५० केलं, रिॲलिटी क्रिएशन बंद केलं. कड गेली. मॉनिटरचे पैसे वाचले, आता चांगली खुर्ची घेते.

अंगणवेल

आमच्याकडेही व्हीजीएने खरंच फरक पडला, धन्यवाद! शेवटचा प्रश्न. मुलीचा लॅपटॉप वायरलेसने हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दाखवतो, तिथे व्हिडिओ ठीक पण अभ्यासाच्या पीडीएफमधली अक्षरं फुटतात. तिथेही पीसी मोड लावायचा का?

तांब्याची_तार

नाही, तिथे पीसी मोडने काही होणार नाही. वायरलेसमध्ये पडद्याचं चित्र आधी व्हिडिओसारखं दाबून पाठवलं जातं, तेही ४:२:० मध्ये, त्यामुळे अक्षरांचे बारकावे लॅपटॉपमधून निघतानाच गेलेले असतात. विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट'ऐवजी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडलंत तर थोडं बरं दिसेल, कारण लॅपटॉपच्या पडद्याचं रिझोल्यूशन टीव्हीवर लादलं जाणार नाही. पीडीएफ असेल तर त्याहून सोपं म्हणजे पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्याच ॲपमध्ये उघडा. रोजचं असेल तर केबल टाका. फुल एचडीला भिंतीच्या कडेने दहा मीटर चांगली केबल चालते, फोर-के ६० हर्ट्झ एवढ्या लांब न्यायचं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि जोडताना टोकं बघा. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे.